दगडाला लाकडाचे घर

लखनौच्या चिकन कुर्त्यावरची नाजूक वेल शेवटी कशावर टेकलेली असते? धार लावायच्या एका दगडावर आणि त्या दगडाखालच्या लाकडाच्या तुकड्यावर!

लखनौला जाऊन आलेला मराठी पाहुणा परतताना दोन गोष्टी हमखास आणतो. हंगाम असेल तर दशहरी आंब्याची पेटी आणि हंगाम कोणताही असो, चिकनचा कुर्ता. कुर्ता घरी आला की घरातल्या बायका तो उलटा करून उजेडाकडे धरतात. हाताचे काम आहे की यंत्राचे, याची परीक्षा होते. टाक्यांचे कौतुक होते, किमतीवर चर्चा होते. अशा वेळी एखाद्या पाकळीच्या कडेला फिकट निळी रेघ राहिलेली दिसते. ‘धुतल्यावर जाईल,’ असे दुकानदाराने सांगितलेले असते आणि ती जातेही.

पण सगळ्या कामाची सुरुवात त्याच निळ्या रेघेपासून झालेली असते. सुई कापडाला लागण्याआधी कापडावर नक्षी छापली जाते. लाकडाचा ठसा, गोंद घालून कालवलेली नीळ आणि छापणाऱ्याच्या हाताचा एक नेमका ठोका एवढेच त्यासाठी लागते. लखनौच्या जुन्या चौक भागात हे छापकाम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. छापलेले कापड मग शहरातल्या मोहल्ल्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत बायकांच्या हाती जाते. त्या रेघेवरून त्या टेपची घालतात, बाजरीच्या दाण्यासारखा फंदा उठवतात, तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री भरतात आणि उलट्या बाजूने बखिया घालून पाकळीवर सावली पाडतात. भरतकाम संपले की कापड धोब्याकडे जाते. तिथे निळी रेघ पाण्यात वाहून जाते आणि मागे उरतो फक्त दोरा.

म्हणजे रेघ पुसली जाणार हे सर्वांना ठाऊक असते. तरीही ती नीट असावी लागते, कारण भरतकाम करणारी बाई डोळे बारीक करून तिच्याच मागे जात असते. रेघ फाटकी उमटली, दोन पाकळ्यांमधली फट बुजली किंवा ठिपक्याचा डाग झाला, तर कुठे थांबायचे हे तिलाच ठरवावे लागते. तिला मजुरी नगावर मिळते. अडखळण्यात गेलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. या बायकांची परवड मुझफ्फर अली यांनी १९८६ च्या ‘अंजुमन’ या चित्रपटात दाखवली होती. शबाना आझमी यांनी त्यात चिकन भरणाऱ्या तरुणीची भूमिका केली होती. त्याआधी दोन वर्षे, १९८४ मध्ये, रुना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने लखनौमध्ये ‘सेवा’ ही संस्था उभी राहिली आणि दलालांना वगळून थेट या बायकांना काम मिळू लागले. २००८ मध्ये लखनौच्या चिकनला भौगोलिक मानांकनही मिळाले. या सगळ्या चर्चेत भरणारीचे नाव निघते आणि निघायलाच हवे. छापणाऱ्याचे क्वचित निघते. ठसा कोरणाऱ्याचे तर जवळजवळ नाहीच.

ठसा कोरणाऱ्याचे काम बघण्यासारखे असते. शिसवाचा नीट वाळलेला ठोकळा घ्यायचा, त्याचे तोंड घासून आरशासारखे सपाट करायचे, त्यावर पांढरा हात मारून नक्षी उतरवायची. मग जिथे रेघ नको तिथले लाकूड बारीक पटाश्यांनी उकरून काढायचे. रेघ तेवढी उभी राहते. ठिपके आणि अरुंद फटी यांसाठी कमानीने फिरणारे छोटे गिरमिट असते. ठसा मोठा असेल तर हवा अडकून छाप फुटू नये म्हणून आरपार भोकेही पाडतात. पूर्ण झालेला ठसा काही दिवस तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड पाणी पिऊन तडकत नाही.

शिसव हे कठीण लाकूड. म्हणून तर त्यावरची केसासारखी रेघ शेकडो वेळा छापूनही मोडत नाही. पण त्याच कठीणपणामुळे पटाशीची धारही लवकर जाते. धार गेलेली पटाशी लाकूड कापत नाही, दाबते. लाकडाचे तंतू चिरडले जातात, रेघेच्या कडेचा टवका उडतो आणि चार दिवसांचे काम एका क्षणात वाया जाते. उडालेला टवका परत चिकटवता येत नाही. त्यामुळे असा कारागीर पुनःपुन्हा हातातले काम थांबवून पटाशी दगडावर फिरवतो. त्याच्या दिवसातला बराच वेळ धार लावण्यात जातो, तो कुणी मोजत नाही एवढेच.

आता हा दगड जमिनीवर किंवा फळीवर नुसताच ठेवलेला असेल तर काय होते?

हलणारा दगड

धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे एकमेकींना मिळतात ती रेघ. त्या बाजू सपाट राहायच्या तर पाते प्रत्येक वेळी दगडावर त्याच कोनात फिरले पाहिजे. कोन हातात असतो, पण दगड सरकला की हात सावरायला जातो आणि तेवढ्यात कोन बदलतो. असे पाच-पंचवीस वेळा झाले की धारेची कड गोल होते. पाते चकाकते, बोटाला खरखरीत लागते, पण कापत नाही. ‘तासभर घासले तरी धार लागत नाही’ ही घरोघरची तक्रार बहुतेक वेळा दगडाची नसतेच. ती सरकणाऱ्या दगडाची असते.

दुसरी भीती बोटांची. एका हाताने दगड धरायचा आणि दुसऱ्याने सुरी ओढायची, या पद्धतीत दगड धरणारी बोटे नेमकी पात्याच्या वाटेत येतात. दगड एकदम सटकला तर इजा होते. तिसरी गोष्ट दगडाची स्वतःची. जुना दगड खालून उंचसखल असतो. तो एका उंचवट्यावर डुगडुगत असताना वरून जोर दिला की मधोमध तडकतो. हातून पडून फुटण्याची गोष्ट तर वेगळीच.

घरात यावर ओले फडके दुमडून दगडाखाली घालण्याचा उपाय करतात. तो अगदीच वाईट नाही. पण फडके दबते, एका बाजूने जास्त दबते आणि कोन पुन्हा बिघडतो. दगडाला पक्के घर हवे, ते लाकडाचे.

निसण्यापासून कार्बोरंडमपर्यंत

धारेच्या दगडाला मराठीत निसणा हा जुना शब्द आहे. शस्त्र पाजवायचे ते निसण्यावर. हे दगड पूर्वी नदीकाठी, खाणीत सापडत, आणि ज्या गावी चांगला दगड मिळे तिथून तो दूरवर जाई. सगळ्यांत कठीण मानला गेलेला कुरुंद हा तर आपल्याच देशाने जगाला दिलेला शब्द. तमिळमधल्या ‘कुरुंदम्’वरून इंग्रजीतला ‘कोरंडम’ आला. पुढे १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचिसन हा अमेरिकन संशोधक कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत होता. विजेच्या भट्टीत त्याला हिरे मिळाले नाहीत, पण काचेवर ओरखडा काढणारे चमकदार, कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे असे वाटून त्याने त्याला ‘कार्बोरंडम’ नाव दिले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघाले, पण चुकीचे नावच रूढ झाले. आजही सुतार दुकानात जाऊन ‘कार्बोरंडम द्या’ असेच म्हणतो.

भारतात घासण्याच्या साहित्याचा कारखाना १९४१ मध्ये निघाला, तो आपल्या उरणजवळ मोरा इथे. मद्रासला १९५४ मध्ये दुसरी मोठी कंपनी उभी राहिली. तेव्हापासून एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा दुपदरी दगड गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत पोहोचला. तो सहसा ६ किंवा ८ इंच लांब, २ इंच रुंद आणि १ इंच जाड असतो. पण ‘सहसा’च. कंपनीगणिक एखादे सूत इकडे-तिकडे होतेच. आजोबांच्या पेटीतून निघालेला नैसर्गिक दगड तर कुठल्याच मापात बसत नाही. विकत मिळणारी प्लॅस्टिकची बैठक बहुधा एकाच मापाच्या दगडाला धरते. म्हणून हे घर मापानेच करून घ्यावे लागते, शिंप्याकडे कपडा शिवून घ्यावा तसे.

माप घेऊन केलेले घर

सुताराकडे उरलेला सागाचा तुकडा मिळाला तर उत्तम. सागात तेल असते, ओल सोसते. शिसव, बाभूळही चालेल. प्लायवुड मात्र नको, कारण पाण्याने त्याचे पापुद्रे सुटतात. लाकूड पुरेसे वाळलेले असावे. ८ इंची दगडासाठी १ फूट लांब, ३ इंच रुंद आणि १ इंच जाड फळी पुरते. ती दोन्ही बाजूंनी रंधून सपाट करायची. खालची बाजू डुगडुगत असेल तर पुढचे सगळे कष्ट फुकट!

दगड फळीच्या मध्यावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. पेन्सिलीने नव्हे, अणकुचीदार पात्याने. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि तेवढ्या जाडीनेच दगड ढिला बसतो. पात्याची रेघ लाकडाचे तंतू आधीच कापून ठेवते, त्यामुळे पटाशी मारताना कड फाटत नाही. खाच तीन सूत खोल पुरे. १ इंच जाड दगड मग पाच सूत वर राहतो आणि सुरी फिरवताना बोटांची पेरे फळीला घासत नाहीत. हौशी माणूस इथेच चुकतो. दगड छान झाकला जावा म्हणून तो खोल खाच करतो आणि नंतर सुरीची मूठ लाकडावर आपटत राहते.

खोदण्याआधी गिरमिटाने जवळजवळ भोके पाडून घेतली तर काम हलके होते. गिरमिटाच्या टोकापासून तीन सुतांवर दोरा बांधावा. दोरा लाकडाला टेकला की थांबायचे. मग उरलेले लाकूड पटाशीने काढून तळ सपाट करायचा. तळाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, कारण तो दिसत नाही. पण दगडाचा सगळा भार तिथेच येतो. तळावर खडूची पूड पसरून दगड बसवून उचलावा. दगडाला जिथे खडू लागला ते उंचवटे. ते तासायचे, पुन्हा बसवायचे. चार-पाच फेऱ्यांत दगड मुकाट बसतो. जुन्या, वेड्यावाकड्या दगडासाठी तळात थोडे मेण किंवा लाख वितळवून ओतून त्यावर दगड दाबून बसवता येतो. मग उंचसखलपणा भरून निघतो.

एक गोष्ट सुतारही कधी कधी विसरतो. लाकूड पावसाळ्यात आडव्या बाजूने फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. दगड तर कशानेच आकसत नाही. रुंदीतही घट्ट ठोकून बसवलेला दगड मधे असताना फळी आकसली, तर ती रेषेवर चिरते. म्हणून लांबीत दगड नेमका बसावा, पण रुंदीत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी. दगड पक्का करायचा तो लांबीच्या टोकाला एक छोटी पाचर सारून. पाचर काढली की दगड सुटतो, उलटा करून त्याची दुसरी बाजू वापरता येते. डिंकाने कायमचा चिकटवला तर दुपदरी दगडाची एक बाजू वायाच गेली म्हणायची.

दगडाच्या दोन्ही टोकांना, त्याच्याच उंचीचे कठीण लाकडाचे ठोकळे बसवले तर त्याचा फायदा फार मोठा. दगडाचे टोक आले की पाते खाली घसरेल या भीतीने आपण नेहमी मधल्या भागावरच घासतो. परिणामी दगड मधे खोलगट होतो आणि खोलगट दगडावर सरळ धार येत नाही. ठोकळे असले की पाते न घसरता दगडाच्या शेवटापर्यंत जाते आणि दगड सारखा झिजतो.

फळीच्या खाली आपल्याकडच्या टोकाला एक आडवी पट्टी ठोकली की ती ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेला अडकते. पुढे कितीही जोर दिला तरी फळी जात नाही. मागे ओढताना सरकू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे तळाला चिकटवावेत. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत. व्हार्निशची चमक नको, ती पाण्याने सोलते. सुताराला हे काम तासा-दोन तासांचे. घरी करणाऱ्याला रविवारची एक दुपार लागते.

परदेशांत सुतारकाम शिकणाऱ्या उमेदवाराला सुरुवातीच्या काळात स्वतःच्या दगडाची पेटीच करायला लावण्याचा प्रघात होता. त्यात रंधा, रेघ, गिरमिट, पटाशी सगळ्यांचा सराव होतो. आणि पेटी नीट झाली नाही तर पुढे प्रत्येक हत्याराची धार त्याची आठवण करून देते!

ज्याचे काम, तशी पेटी

एकच नमुना सगळ्यांना चालत नाही. ठसा कोरणाऱ्याच्या पटाश्या काडीएवढ्या अरुंद. अशी पटाशी रुंद दगडावर एकाच जागी फिरवली की दगडात चर पडतो आणि मग रुंद पात्यासाठी तो निकामी होतो. त्यावर उपाय म्हणजे फळीत दुसरी, १ इंच रुंद खाच करणे. तिच्यात दगड कडेवर उभा राहतो. अरुंद पटाश्या त्या अरुंद बाजूवर आणि मुख्य तोंड सपाट पात्यांसाठी राखून ठेवलेले. गोल तोंडाच्या पटाशीसाठी तर लाकडाच्या तुकड्यात त्याच पटाशीने एक पन्हळ कोरतात. तिला चामडे लावून त्यावर पॉलिशची पूड चोळली की धारेचा शेवटचा हात तिथे फिरतो.

पाहुण्याने आणलेल्या आंब्याच्या पेटीमागेही अशीच एक धार असते. लखनौजवळचे मलिहाबाद दशहरीसाठी प्रसिद्ध आहे. तिथले हाजी कलीमुल्लाह खान यांनी एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींची कलमे बांधली आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलमात दोन फांद्यांच्या सालीखालचा पातळ ओला थर एकमेकांना भिडावा लागतो. चाकू बोथट असेल तर हा थर चेंगरतो आणि कलम सुकते. कोकणात कोय कलम बांधणाऱ्या मराठी माणसाला हे सांगायला नको. कोवळ्या रोपाच्या देठाला एकच स्वच्छ काप द्यायचा असतो, दुसरी संधी नसते. पण बागेत ओटा कुठला आणि टेबल कुठले! तिथे छोटा दगड मूठ असलेल्या लाकडी पट्टीत बसवून घ्यावा. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात चाकू. बोटे मुठीवर असल्यामुळे धारेपासून दूर राहतात आणि पट्टी खिशात मावते.

आणि स्वयंपाकघर? विळीला ही पेटी उपयोगाची नाही. विळीचे पाते वाकडे आणि पाटाला जखडलेले, त्यामुळे तिथे दगडच पात्याकडे न्यावा लागतो. त्यासाठीही मुठीची पट्टीच बरी. सुरीसाठी मात्र फळी ओट्याला अडकवावी, दगड पाण्यात भिजवावा आणि सुरीची मागची बाजू थोडी उचलून धरावी. २ इंच रुंद पात्याची मागची कड दगडापासून अर्धा इंच वर राहिली की कोन साधारण पंधरा अंशांचा होतो. भरड बाजूवर एकीकडून घासत राहिले की दुसऱ्या कडेला बोटाला जाणवेल अशी बारीक किनार उठते. तेव्हा बाजू बदलायची. मग दगड उलटून बारीक तोंडावर हलक्या हाताने तेच करायचे. दगडावर एकदा तेल वापरले की पुढे तेलच वापरावे लागते, म्हणून स्वयंपाकघरातल्या दगडाला पहिल्यापासून पाणीच बरे.

सायकलवर चाक फिरवत धार लावणारा दारात येतो, त्याची सोय मोठी आहे यात शंका नाही. पण वेगाने फिरणारे चाक पाते तापवते. कडेला निळसर झाक आली की तिथले पोलाद मऊ झाले समजावे. मग दोन दिवसांत सुरी पुन्हा बोथट. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेली सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते ती बोटावर.

काम झाले की दगड धुवावा, पाचर ढिली करावी आणि फळी उभी करून वाळवावी. उन्हात ठेवू नये. वरून लाकडी झाकण केले तर धूळ बसत नाही आणि लहान मुलांच्या हाती दगड लागत नाही. काही महिन्यांनी दगड मधे खोलगट वाटला तर सपाट फरशीवर पाणकागद पसरून त्यावर तो घासून सरळ करावा. असे करता करता दगड पातळ होत जातो, पेटी मात्र तेवढीच राहते. मग दगडाखाली त्याच मापाची लाकडी चकती सरकवायची आणि टोकांचे ठोकळे पुन्हा उंचीला जुळवून घ्यायचे.